मेळांक एकोणीस

द्वारकाबाईंच्या नातीचं जावळ काढलं ते साल दोन हजार त्रेचाळीस. घरात ते साल कुणी विसरणार नाही, कारण त्या दिवशी तिच्या आजोबांनी, सदाशिव लोहारांनी, भर मांडवात खांबाला मिठी मारली आणि पाहुण्यांत हशा पिकला.

झालं होतं एवढंच. पंगत उठत होती. सदाशिव पाटावरून उठले, दोन पावलं टाकली आणि डोळे मिटून खांबाला बिलगले. जावयाचा चुलता मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, तिकडं कुठं? वहिनी हिकडं उभ्या हायत." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सदाशिवही हसले, डोळे मिटूनच. द्वारकाबाई हातात ताकाचं पातेलं घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून या माणसानं डोळे मिटलेत. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या.

त्यांना तसं वाटायला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी कागद आला होता. त्यावर लिहिलं होतं, मेळांक एकोणीस.

आता हा मेळांक काय ते सांगायला हवं.

माणूस श्वास आत घेतो तेव्हा त्याचं हृदय थोडं घाईनं चालतं, सोडतो तेव्हा सावकाश. प्रत्येकाच्या हृदयाला असा एक झोका असतो. एकमेकांत जीव असलेली दोन माणसं समोरासमोर बसून बोलू लागली की थोड्या वेळानं त्यांचे श्वास नकळत एका लयीत येतात आणि श्वासामागून हृदयंही. एका जात्याला दोघींनी हात लावला की कोण ओढतंय आणि कोण ढकलतंय ते कळेनासं होतं, तसं. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. नवीन इतकंच झालं की या लयीचं माप काढणारा पट्टा स्वस्त झाला. दोघांच्या छातीला एकेक पट्टा बांधायचा, वीस मिनिटं बोलू द्यायचं, आणि यंत्र कागदावर दोघांच्या झोक्यांच्या दोन रेघा आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचं. तो आकडा म्हणजे मेळांक.

नियम त्याआधीपासूनच होता. लग्न नोंदवायचं असो की मोडायचं असो, आधी सहजीवन वर्गाच्या सहा बैठका. वर्ग चालवणाऱ्याला सुलभक म्हणत. सुलभकानं शिकवायचं नाही आणि निवाडाही करायचा नाही. दोघांच्या मधे बसायचं, आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचतंय का एवढं पाहायचं. गडहिंग्लजच्या केंद्रात द्वारकाबाई हे काम अकरा वर्षं करत होत्या. गावातले टवाळ त्यांना जोडप्यांची मास्तरीण म्हणत.

मास्तरीण म्हटलेलं त्यांना आवडायचं. ऊसतोडीच्या टोळीत वाढलेल्या या बाईला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. सदाशिवांनी भट्टीशेजारी पत्र्यावर खडूनं अक्षरं काढून दिली. तीस वर्षांच्या असताना त्या दहावी झाल्या, मग अंगणवाडीत लागल्या आणि तिथून केंद्रात आल्या. सुरुवातीला पट्टे नव्हते. तेव्हा त्या माणसं बघायच्या. कोण पदराचा पीळ घालतंय, कोण बोलताना दाराकडे बघतंय. पट्टे आल्यावर त्या माणसं बघून मग आकडा बघू लागल्या. पुढे पुढे आकडा बघून माणसं बघू लागल्या. हा बदल नेमका कधी झाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहजीवन मंडळाचा आणखी एक नियम होता. दर वर्षी सुलभकानं आपल्या जोडीदाराबरोबर पट्टा बांधून घ्यायचा. ज्याच्या घरात मेळ नाही त्यानं दुसऱ्याला काय सांगायचं, असं मंडळाचं म्हणणं. आकडा तिसाच्या खाली गेला तर एक वर्षाची सवलत, पुढच्या वर्षीही खालीच राहिला तर वर्ग बंद.

लोहार जोडप्याचे आकडे असे होते: एकाहत्तर, चौसष्ट, एकोणपन्नास, तेहतीस आणि आता एकोणीस.

कागद आला त्या दिवशी द्वारकाबाईंनी तो नवऱ्यापुढे धरला.

"तुमच्या मनात काय हाय ते एकदा सांगून टाका."

"काय असणार?"

"दुसरी कोण हाय का?"

"या वयात?" सदाशिव हसले. "मला जिना चढवंना, दुसरी कुठं गाठू?"

"हसण्यावारी नेऊ नका. दर साली उतरतंय. माझं घटत न्हाई, तुमचं घटतंय. ही खालची रेघ तुमची. बघा, सपाट."

सदाशिवांनी कागद हातात घेतला. लोखंडाचा कस बघावा तसा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला," ते शेवटी म्हणाले.

द्वारकाबाईंनी याला कबुली मानलं. दर वर्षी आकड्याबरोबर घरातलं बोलणंही उतरत आलं होतं, त्या दिवसापासून ते कामापुरतंच उरलं. जेवायला वाढलंय, गॅस आलाय, नातीचं जावळ रविवारी आहे.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात केंद्रात रणजित आणि स्नेहल चौगुले आले. रणजितचं दूध संकलन केंद्र होतं, वय चव्वेचाळीस. अर्ज स्नेहलचा होता, वेगळं राहायचा. तिचं म्हणणं एकच. हा माणूस घरात असून नसल्यासारखा. दमून येतो, दोन घासांत पोट भरलं म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

"माझा वाढदिवस विसरतात," ती म्हणाली.

"ताई, मी म्हशीचं नाव विसरत न्हाई, हिचा वाढदिवस विसरीन?" रणजित म्हणाला. "विसरल्याचं सोंग करतो. साडी आणून लपवल्याली असती."

"दोन वर्षं झाली, साडी अजून लपूनच हाय."

"सापडंना. मीच कुठं ठेवली ते विसरलो."

स्नेहलला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. पट्टे आले नव्हते त्या काळातल्या द्वारकाबाई असत्या तर त्यांनी ते दाबलेलं हसू तिथल्या तिथे पकडलं असतं आणि त्यावर तासभर बैठक चालवली असती. आता त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. वीस मिनिटं झाली आणि आकडा आला. अकरा. स्नेहलची रेघ झोके घेत होती, रणजितची ताणलेल्या तारेसारखी सरळ.

आकडा सांगणं नियमानं बंधनकारक होतं. तो कसा सांगायचा याचं प्रशिक्षण झालेलं होतं.

"रणजितराव, शरीर खोटं बोलत नाही," द्वारकाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तोंडानं तुम्ही हसवता, पण आतून तुम्ही स्नेहलताईंकडे वळलेलेच नाही असं दिसतंय."

रणजितनं छातीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "म्हंजे माझ्यात न्हाईच ते?"

"आत्ता तरी दिसत नाही."

"मला वाटत हुतं, हाय."

द्वारकाबाईंनी आकड्याचा कागद दोघांपुढे ठेवला. स्नेहल खिडकीबाहेर बघत होती. रणजित उठला आणि खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर थांबला, मान खाली घालून. मग गेला. द्वारकाबाईंनी नोंदवहीत लिहिलं, 'निघताना पतीने पत्नीकडे पाहणे टाळले.'

सतराव्या दिवशी रणजित चौगुले आपल्या केंद्रावर दूध मोजून घेताना रिकाम्या कॅनवर बसला आणि भिंतीला टेकला. दूध घालायला आलेल्यांना वाटलं, डुलकी लागली. दहा मिनिटांनी कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्नेहल केंद्रात आली. कपाळ मोकळं, हातात फाईल. द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"बसा ताई. भांडायला न्हाई आले," स्नेहल म्हणाली. "एक विचारायचं हाय."

"विचार गं."

"त्या दिवसापासनं हे माझ्याशी लई गोड वागायला लागलं. सकाळी उठून च्या करून द्यायचं. उभ्या जन्मात कधी केला नव्हता. साखर टाकायला विसरायचं, मी तसाच प्यायची. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी म्हणालं, स्नेहल, मला माफ कर, माझ्यात न्हाईच तर मी कुठनं आणू? मी म्हटलं, जाऊ द्या. एवढंच म्हटलं."

ती थांबली. फाईल उघडली, बंद केली.

"दवाखान्यात मरणाच्या दाखल्याला गेले हुते. कागदं काढताना तुमचा आकड्याचा कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात गेला. त्या म्हणाल्या, हा कागद प्रेमाचा न्हाई, हा आजाराचा हाय. आता मला सांगा ताई. हे माफी कशाची मागून गेलं?"

द्वारकाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलंय," स्नेहल म्हणाली आणि उठली.

डॉक्टर नाझनीन मुल्ला तिशीच्या होत्या, पण बोलणं एखाद्या जुन्या सासूसारखं सडेतोड. त्यांनी रणजितचा कागद टेबलावर पसरला होता.

"द्वारकाताई, ही सरळ रेघ बघून तुम्ही काय म्हणता?"

"मन आवरून धरलंय. समोरच्याकडे ओढा नाही."

"कुणी शिकवलं?"

"मंडळानं. पुस्तकात आहे."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि कागदाच्या कडेला एक हृदय काढलं, त्यातून वर जाणारी एक रेघ. "हृदयाला श्वासाबरोबर झोका देते ती एक नस. खूप वर्षं रक्तात साखर राहिली की ती नस हळूहळू जळते. मग हृदय भिंतीवरच्या घड्याळासारखं चालतं, टक टक टक. समोर बायको बसू दे, लेकरू बसू दे नाहीतर वाघ बसू दे, त्याचा ठेका बदलत नाही. ओढा आहे की नाही हे या रेघेवरून कळूच शकत नाही. झोका देणारा हातच तुटलाय."

"पण आमच्या अर्जात विचारतात. हृदयविकार आहे का म्हणून."

"साखर विचारतात?"

द्वारकाबाईंनी मान हलवली. नाही.

"आणि छातीत दुखलं असतं की त्यांच्या," त्या म्हणाल्या. वकिलानं शेवटचा मुद्दा मांडावा तशा.

"दुखणं कळवणाऱ्या नसाही त्याच्याबरोबर जातात. झटका येतो आणि माणसाला पत्ता नसतो. दमल्यासारखं होतं. थोडं खाल्लं तरी पोट भरतं. उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, मग काहीतरी धरून थांबावं लागतं."

द्वारकाबाईंना खुर्चीची पाठ दिसली. मग मांडवाचा खांब दिसला.

"असे सपाट कागद तुमच्याकडे अजून किती आहेत?" डॉक्टर विचारत होत्या. "मला प्रत्येकाचं नाव पाहिजे. ताई, ऐकताय ना?"

त्या ऐकत नव्हत्या. सदाशिवांना साखर निघून बारा वर्षं झाली होती. गोळी आठवली तर घ्यायची, नाही तर नाही.

दवाखाना ते घर दीड किलोमीटर. एप्रिलची दुपार. घराच्या पुढच्या शेडमध्ये सदाशिव विळ्याला मूठ बसवत होते. द्वारकाबाई आत जाऊन कपाटातले पाच कागद घेऊन आल्या आणि ऐरणीवर ओळीनं मांडले.

"चप्पल कुठं हाय तुझी?" सदाशिवांनी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल डॉक्टरांच्या दाराबाहेर राहिली होती. तळपायांना लोखंडाचा कीस चिकटला होता.

"तुम्हाला उठताना अंधारी येती?"

"जरा येती. थांबलं की जाती."

"कधीपासनं?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"मग सांगितलं का न्हाई?"

सदाशिवांनी विळा खाली ठेवला. "तू बोलत हुतीस का?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "हे कागद चुकीचं हायत. म्हंजे कागद बरोबर हायत, वाचणं चुकलंय. तुमच्या हृदयाची नस गेलीय, साखरेनं. माझ्याशी त्याचा काय संबंध न्हाई."

सदाशिव कागदांकडे बघत राहिले. मग जे बोलले ते द्वारकाबाईंना पुढे जन्मभर पुरलं.

"मला वाटायचं, मला तू आवडतीस," ते म्हणाले. "सकाळी तुझी भांड्याची खुडबूड ऐकली की बरं वाटायचं. मग आकडा आला. मी म्हटलं, आपण लोहार माणूस, आपल्याला आतलं काय कळतंय. तू शेकड्यानं जोडपी बघितल्यालीस. तू म्हणतीस न्हाई, तर नसंल. मग मी बघत बसायचो. तू समोरनं गेलीस की आत काय हलतंय का."

"मग?"

"हलतंय असं वाटायचं. पण म्हटलं, सवयीनं वाटत असंल."

द्वारकाबाई ऐरणीच्या कडेला बसल्या. आपल्याच घरात एक माणूस वर्षानुवर्षं आपल्यावरचा जीव खोटा मानून, गुन्हेगारासारखा, मान खाली घालून जेवत होता, आणि त्याला तसं पटवून देणाऱ्या आपणच. त्यांना रणजितनं केलेला बिनसाखरेचा चहा आठवला. पाच कागद ऐरणीवर तसेच पडून राहिले.

सदाशिवांनीच ते गोळा केले. "चल," ते म्हणाले. "चप्पल आणायला जायचंच हाय तर मलाबी दाखवून येऊ."

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर मुल्लांनी ती दोनदा पाहिली.

"अण्णा, तुम्हाला झटका येऊन गेलाय. जुना दिसतोय. कधी काही झालं होतं?"

सदाशिवांनी आठवलं. "गेल्या दिवाळीत फराळाचं जड झालं हुतं. ओवा खाल्ला."

"ओवा," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहीत बसल्या.

सदाशिवांना कोल्हापूरला नेलं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन नळ्या बसवल्या, साखर आटोक्यात आणली. नस मात्र परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. झोका गेला तो गेला.

मे महिन्यात द्वारकाबाईंनी मंडळाला सगळं लिहून कळवलं. चौथ्या दिवशी फोन आला. अधिकारी सभ्य होते.

"द्वारकाताई, तुमची तळमळ समजू शकतो. पण नोंदी गोपनीय असतात. घरोघर जाऊन सांगता येणार नाही. तज्ज्ञांची समिती बसेल."

"किती दिवस बसंल?"

"सहा महिने धरा."

"त्यांना बसू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी उठते."

नोंदवहीत सपाट रेघेचे सत्तावीस निघाले. त्यांनी नावं आणि गावं एका वहीत उतरवून घेतली आणि स्कूटर काढली. सदाशिवांना चालवायची मनाई होती, ते मागे बसले. पहिल्या दोन-तीन घरी द्वारकाबाईंनी झोका, नस, श्वास असं सगळं समजावलं. लोक बघत राहायचे. चौथ्या घरी सदाशिवच पुढे झाले.

"मी सदाशिव लोहार. माझा मेळांक एकोणीस. ही माझी बायको. हिनं मला चुकीचं वाचलं, तुम्हालाबी चुकीचं वाचलं. उद्या सकाळी साखर तपासा."

एवढं पुरायचं.

सगळीकडे पाणी मिळालं असं नाही. सत्तावीसपैकी नऊ जोडपी आधीच मोडली होती. नेसरीला एका बाईनं दुसरं लग्न केलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून विचारलं, "म्हंजे तो खरं बोलत हुता?" द्वारकाबाई हो म्हणाल्या. बाईनं आत वळून पाहिलं, नवा नवरा टीव्ही बघत होता. ती म्हणाली, "आता जावा तुम्ही." हलकर्णीला एकानं अंगावर कुत्रं सोडलं. त्याला सदाशिव पलीकडून ओरडून सांगत होते, "कुत्रं आवरा आणि साखर तपासा."

स्नेहलकडे त्या शेवटी गेल्या. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"रणजितराव ज्याची माफी मागून गेले ती चूक त्यांची नव्हती," द्वारकाबाई म्हणाल्या. "ती माझी होती. ती माफी मी त्यांच्या तोंडी घातली. त्या दिवशी तू हसू दाबलंस, ते मी बघायला पाहिजे होतं. त्यासाठीच मला तिथं बसवलं होतं."

स्नेहल आत गेली आणि एक साडी घेऊन आली. मोरपंखी, घडी न मोडलेली, खोक्यात. "वैरणीच्या माळ्यावर सापडली," ती म्हणाली. "पेंडीच्या पोत्यामागं." तिनं साडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा भुसा एकेक काडी करून काढत राहिली. सदाशिव आणि द्वारकाबाई बसून होते.

पुढच्या फेब्रुवारीत वार्षिक मापाची वेळ आली. द्वारकाबाई नको म्हणत होत्या, सदाशिवांनीच पट्टा बांधून घेतला.

"किती?"

"बारा."

"उतरलं अजून," सदाशिव म्हणाले आणि खूश झाल्यासारखे हसले. नियमाप्रमाणे वर्ग बंद झाला. द्वारकाबाई मग घराच्या ओसरीवर जोडपी बसवू लागल्या, पट्ट्याशिवाय. येणारे थोडे होते, पण येत होते. अर्जात साखरेचा रकाना आला त्याला आणखी एक वर्ष लागलं. कुणाच्या सांगण्यावरून आला त्याची नोंद कुठे नाही.

जुना पट्टा द्वारकाबाईंकडेच राहिला होता. नातीच्या वाढदिवसाला सदाशिव तो मागून घ्यायचे. पुढच्या साली नऊ आला. त्याच्या पुढच्या साली चार.

"चार," द्वारकाबाई म्हणाल्या.

"चार का हुईना," सदाशिव म्हणाले. "मला आत शंभर लागतंय."

रणजित चौगुले नऊ एप्रिल दोन हजार त्रेचाळीस रोजी, गुरुवारी सकाळी गेले. वहीतल्या सत्तावीसपैकी सहा जण पुढच्या तीन वर्षांत गेले, त्यांतले दोघे साखर तपासायला न जाता. सदाशिव लोहार बारा नोव्हेंबर दोन हजार सेहेचाळीस रोजी, सोमवारी सकाळी, शेडमध्ये विळ्याला मूठ बसवताना गेले. त्यांच्या छातीत दुखलं नाही. द्वारकाबाई आत भांडी घासत होत्या.